सुभानाचे नऊ टेक

ही गोष्ट माझ्या आज्याच्या आज्याने ऐकलेली. तेव्हाही ती जुनीच होती. नीट बसा आणि ऐका.

उंबरमाळ गाव डोंगराच्या माथ्यावर. बाजार खाली, नदीही खाली. मधे उभा घाट. मीठ, धान्य, सगळं डोक्यावरून वर यायचं. वाटेत ओझं उतरवलं तर परत डोक्यावर चढवून कोण देणार? म्हणून बायका थांबतच नसत.

गावात सुभाना पाथरवट होता. खाणीत दरड कोसळली आणि त्याची कंबर मोडली. हाड सांधलं, दुखणं राहिलं. जन्मभर राहिलं. दोन वर्षं त्याने भिंतीकडे तोंड करून काढली. सगळी ओझी त्याच्या बायकोवर, भागूवर पडली. एकदा ती घाट चढून आली, तर नाकातून रक्त येत होतं.

"वाटेत टेकायचं होतंस," सुभाना म्हणाला.

"कुठं? तुमच्या डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी तो टाकी-हातोडा घेऊन घाट उतरला आणि परत चढू लागला. कंबरेत पहिली कळ आली तिथेच थांबला. तिथल्या कातळात त्याने खांद्याच्या उंचीवर एक फळी कोरली. न वाकता ओझं तिच्यावर सरकवायचं, दम खायचा, परत डोकं खाली घालून उचलायचं. दुसऱ्याचा हात लागत नाही. त्याला लोक टेक म्हणू लागले.

घटकाभर काम, घटकाभर पडून राहणं. एका टेकाला एक वर्ष लागलं. भागूने पहिल्यांदा त्यावर पाटी सरकवली आणि म्हणाली, "हुश्श." सुभाना हसला. खाणीनंतर तो पहिल्यांदा हसला, असं म्हणतात. पुढे तो टेकासमोर बसून ते हुश्श ऐकत राही.

पाटील म्हणाला, "सुभाना, जागा सावलीतली बघ की."

"जागा मी बघत नाही. कंबर बघते."

आठ वर्षांत आठ टेक झाले. मग एक बैरागी आला. त्याने पाल्याचा लेप बांधला आणि सांगितलं, "हा आहे तोवर दुखणार नाही." सकाळी दुखणं नव्हतं. सुभाना फणसावर चढला. भागूची पाटी त्याने डोक्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, असं म्हणतात.

मग तो नवव्या टेकाची जागा बघायला गेला. घाट चढून माथ्यावर आला तरी कंबर काही बोलली नाही. त्याने बायकांना विचारलं, कुठं दुखतं? त्या म्हणाल्या, "कुठं नाही. सवय आहे." शेवटी अंदाजाने सपाटीवर, सावलीत, एक देखणा टेक कोरला. तिथे कुणीच टेकेना.

"हा कुणासाठी?" भागूने विचारलं. वरच्या उभ्या चढाने ती धापा टाकत होती.

सुभाना ओढ्यावर गेला आणि लेप धुऊ लागला.

"वेडे झालात का?" भागू रडली.

"वरचा चढ राहिलाय."

दुखणं त्याला आवडत होतं असं कुणी समजू नये. तो त्याला रोज शिव्या देई. पण खरा नववा टेक त्याने त्या चढाच्या ऐन मध्यावर कोरला, आणि तिथे आजही प्रत्येक जण थांबतो. ओढ्याचं पाणी तेव्हापासून कोमट आहे, असं म्हणतात.

तो गेला तेव्हा तिरडी घाटाने नदीवर न्यायची होती. विसाव्याला तिरडी जमिनीवर ठेवायची रीत. भागू म्हणाली, "खाली नका ठेवू. वाकायला लावू नका त्यांना." लोकांनी ती टेकावर ठेवली. नऊही टेकांवर ठेवली. शेवटच्या टेकावर तिरडीवरून आवाज आला, हुश्श. चारही खांदेकऱ्यांनी ऐकला.

आता घाटात गाडीरस्ता आहे. तरी उंबरमाळची तिरडी पायवाटेनेच उतरते आणि नऊ ठिकाणी टेकते. वाटेत भेटलेल्या माणसाला कसा आहेस असं इथे विचारत नाहीत. कुठं दुखतंय, असं विचारतात. आणि सवय आहे, हे उत्तर चालत नाही.