नऊ दिवसांची रेघ

"ही रेघ कुठून आणलीस?" नेर्लेकर सरांनी लॅपटॉपवरच्या आलेखाकडे बोट दाखवत विचारलं.

सर्वेश हसला. परिषदेतलं त्याचं भाषण नुकतंच संपलं होतं. पुण्यातल्या त्या सभागृहातले चारेकशे डेव्हलपर टाळ्या वाजवून चहाला बाहेर पडले होते. आकडे दिले की आपणहून आलेख काढणारं फ्रेमवर्क त्यानं दोन-तीन वर्षं खपून बनवलं होतं. ते बघायला त्यानं आपल्या संख्याशास्त्राच्या म्हाताऱ्या सरांना गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

दाखवायला घेतलेले आकडेही सरांच्याच घरचे. सरांची पत्नी, कुमुदकाकू, अंगणातल्या तापमापकावरचा आकडा रोज सकाळी वहीत लिहीत. पंचवीस-सव्वीस वर्षं.

"फ्रेमवर्कनंच काढली, सर. गेल्या मार्चमधले नऊ दिवसांचे आकडे नाहीत. मागचेपुढचे बघून ते मधली जागा भरून काढतं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या."

सरांनी चष्मा सारखा केला.

"वह्या वाचल्यास?"

"टायपिंगला दिल्या होत्या. नऊ हजारांवर नोंदी होत्या, सर..."

सरांनी पिशवीतून परत आलेली शेवटची वही काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली.

दहा मार्चपर्यंत काकूंचं गोल, टपोरं अक्षर. मग नऊ कोऱ्या ओळी. वीस मार्चपासून सरांचं अक्षर, बारीक, थरथरतं.

अकरा मार्च...

त्या दिवशी फोन आला होता. काकू गेल्या. फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती चार दिवसांनी बाहेर पडायची होती. त्यानं दोन ओळींचा मेसेज पाठवला, सवडीनं भेटून येऊ असं मनाशी म्हणाला, आणि गेलाच नाही. वह्या आणायलासुद्धा त्यानं दुसऱ्या कुणालातरी धाडलं होतं. कॉलेजची तीन वर्षं तो ज्यांच्या हातचं जेवला, त्या गेल्या तो दिवस त्याच्या ध्यानातही राहिला नव्हता. आणि आत्ता, तासाभरापूर्वी, त्याच दिवसावरून गेलेली रेघ तो चारशे माणसांना कौतुकानं दाखवत होता.

"सर, मी..."

सरांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. "तिथं काय घालू मग? शून्य?"

"शून्यावर गेला होता का पारा त्या दिवशी?"

"नाही... पण मग काय घालू?"

सरांनी स्क्रीनवर अंगठा टेकवला. नऊ दिवसांची रेघ त्याखाली झाकली गेली. अंगठा बराच वेळ तिथंच राहिला. सर्वेशला वर बघवेना.

दुपारी तेच भाषण दुसऱ्या गटापुढे होतं. सर्वेश जेवायला गेला नाही. ज्याला टाळ्या पडल्या होत्या, तोच भाग त्यानं बंद करून टाकला.

मोठ्या पडद्यावर त्या वर्षाचा आलेख मार्चपर्यंत आला, तुटला, आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा सुरू झाला.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"एक विचारू का? तिथं ग्राफ तुटलाय. प्रोग्रॅममध्ये काही बग आहे का?"

सर्वेशनं माइक तोंडाशी नेला. पुन्हा खाली घेतला. मागे कुणीतरी खुसखुसलं...

शेवटच्या रांगेत नेर्लेकर सर पुढच्या खुर्चीला धरून सावकाश उभे राहिले.

"नाही, बाळ," ते म्हणाले. "वहीत तिथं ओळी कोऱ्याच आहेत. तेवढीच नोंद पूर्ण आहे."