मुंग्यांची रांग मोडली

ओढ्यांनाही राग येत असे, त्या काळची ही गोष्ट. पूर आला आणि काठावरचे उंदीर जीव मुठीत धरून बाभळीवर चढले. माळावरच्या वारुळात दाण्यांची कोठारं भरलेली होती, पण मुंग्यांना पोहता येईना. कासवाला पोहता येई, पण त्याच्यापाशी दाणा नव्हता. तेव्हा कासवाच्या पाठीवर दाणे लादून मुंग्या निघाल्या.

बाभळीशी पोचताच मुकादमीण मुंगी ओरडली, "सगळ्यांनी खालच्या फांदीवर या, रांग लावा! आमच्यात रांगेशिवाय काही होत नाही."

धट्टेकट्टे उंदीर भराभर उतरले. शेंड्यावरून एक उंदरीण म्हणाली, "मुंगीताई, पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. त्यांना टाकून कशी येऊ?"

मुकादमिणीने मान वर करून शेंड्याकडे पाहिलं.

"बाई, मला झाडावर चढता येत नाही," कासव हळूच म्हणालं. "तुम्हाला येतं."

मग जन्मात पहिल्यांदा मुंग्यांनी रांग मोडली. एकेक दाणा उचलून त्या फांदीफांदीवर पांगल्या.

परतताना बाभळीवरून कुरतडल्याचा आवाज पाण्यावर ऐकू येत होता.

"काय वेडंवाकडं चाललो गं आज आपण!" मुकादमीण खुशीत म्हणाली. "पण तोंड एकही चुकलं नाही."