भुरकट माशी

फार पूर्वी, डोंगरातल्या थंडगार नदीवर गळ टाकायला शिकणाऱ्या एका माणसाच्या डबीत पिसांच्या खोट्या माश्या राहत. प्रत्येकीच्या पोटाशी गळ होता. त्याने लाल, सोनेरी माश्या टाकून पाहिल्या. ट्राउट मासे ढुंकूनही बघेनात. मग पाण्यावर उडणाऱ्या खऱ्या माश्या निरखून त्याने डबीतली त्यांच्यासारखीच भुरकट माशी दोरीला बांधली.

"अखेर माझी निवड झाली!" ती हरखली आणि अलगद पाण्यावर उतरली.

एका म्हाताऱ्या माशाने तिला गिळलं. गळ त्याच्या जबड्यात रुतला.

"त्या रंगीत माश्यांना मी ओळखलं होतं," तो रक्ताळल्या तोंडाने म्हणाला, "तू मात्र खरी वाटलीस गं."

माणसाने माशाच्या जबड्यातून गळ सोडवून माशीला पुसलं, फुंकर घालून सुकवलं आणि पुन्हा पाण्यावर टाकलं. तिला बुडून जायचं होतं. पण कोरडी पिसं तिला बुडू देईनात.