शेवटच्या कुंडातला घोट

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नदीचं पाणी माणसं बिनघोर ओंजळीने पीत.

एका नदीकाठी एक छोटं गाव होतं. गावचं सगळं सांडपाणी, मोऱ्यांचं, गोठ्यांचं, रंगाच्या पिंपांचं, आधी तीन कुंडांतून जायचं. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात लव्हाळा होता, तिसऱ्यात वाळू. कुंडं उपसायची पाळी घराघरावर यायची. ज्याची पाळी, त्याने उपसून झाल्यावर शेवटच्या कुंडातलं पाणी चारचौघांत प्यायचं, अशी रीत. तो प्याला की मगच म्हातारा पाटील कुंडाचं नदीकडचं दार उघडायचा.

त्या गावात एक रंगारीण होती. कापडाला नीळ चढवावी तर तिनेच. तिची पाळी आली तेव्हा घरात लेकीचं लग्न. मांडव सोडून गाळात कोण उतरणार? तिने घरच्या आडाचं पाणी तांब्यात भरलं, पदराखाली झाकलं, लव्हाळ्याआड गेली आणि तोच तांब्या घेऊन वर आली. सगळ्यांदेखत घटाघटा प्याली. पाटलाने दार उघडलं.

कुंभारणीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय गं, गोड लागलं का पाणी?"

"तुझी पाळी आली की कळेल तुला!"

दोघी खुदुखुदु हसल्या.

कुंभारणीला कळलं, मग तेलणीला, मग गावाला. जो तो आडाचं पाणी पिऊन ढेकर देऊ लागला. कुंडं गाळाने भरली, लव्हाळा कुजला. पण रीत कुणी मोडली नाही हो! अगदी वाजतगाजत पाळली.

लेक दिली होती खालच्या अंगाला, त्याच नदीवरच्या गावी. तिथे खडकच खडक, आड कुठला? प्यायला नदीच. लेकीने निरोप धाडला, "आई, पाण्याला वास येतो."

आईने उलट निरोप धाडला, "सासरी नाक मुरडू नये. फडक्याने गाळून पी."

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. नातू गुटगुटीत. आजीने आपल्या हाताने निळी कुंची रंगवली, बाळाच्या डोक्यावर घातली आणि मायलेकरांना सासरच्या वाटेला लावलं.

पावसाळा सरला आणि लेक परत आली. एकटी.

"बाळ कुठंय गं?"

लेकीने आईपुढे ती कुंची ठेवली. शेजारी एक तांब्या ठेवला.

"हगवण लागली त्याला. घसा सुकायचा, म्हणून पाणी पाजत होते. फडक्याने गाळून. तू सांगितलंस तसं."

तांब्यातलं पाणी गढूळ होतं. वर निळसर तवंग होता.

"हा रंग ओळखलास ना, आई? अख्ख्या गावात नीळ एकाच घरी उतरते." लेकीचा आवाज कोरडा होता. "माझ्या लग्नाआधी तू सगळ्यांदेखत प्यालीस. मी मांडवातून बघत होते, छाती फुगली होती माझी. तेव्हा गेलं ना घशाखाली? मग आता पी."

रंगारणीने तांब्या उचलला. ओठांपर्यंत नेला. वास येताच खाली ठेवला.

"ते आडाचं होतं गं, पोरी," ती म्हणाली.

लेक उठली. उंबरा ओलांडून गेली, ती माहेरी पुन्हा आली नाही.

रंगारणीने पिंपं पालथी घातली आणि पहिल्या कुंडात उतरली. कंबरभर गाळ. एकटी उपसत राहिली. लोक काठावरून बघत राहिले. मग लाज वाटून कुंभारीण उतरली, तेलीण उतरली, गाव उतरलं. लव्हाळा पुन्हा लावला. कुणाचीही पाळी असो, पहिला घोट रंगारीण घ्यायची, आणि पाटील आधी तिच्या तांब्यात डोकावून बघायचा. तिने त्याला कधी नको म्हटलं नाही.

नदी निवळली. खालच्या गावची पोरं पुन्हा ओंजळीने पाणी पिऊ लागली. ती कुंची मात्र रंगारणीच्या खुंटीवर तशीच राहिली. तिचा रंग काही उतरला नाही.

म्हणून सांगते, जे पाणी आपल्या घशाखाली उतरत नाही, ते खालच्याच्या दारात सोडू नये. तिथेही कुणाचं तरी लेकरू तहानलेलं असतं.