आभाळाची सुपारी

जत्रेतल्या तमाशाची सुपारी ठरवायला फडाच्या मालकीण गुणाबाई स्वतः पारावर आल्या. जत्रा कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव मात्र एकच तुणतुणं वाजवत होते, की पाच कोटी मोजून आपण अंतराळात निघालोय.

"गुणाबाई, तुमच्यासारखी साधी माणसं आभाळात जायला किती देतील हो?" त्यांनी मिशीला पीळ भरला. "मला निरुत्तर केलंत तर सुपारी दुप्पट, नाहीतर निम्म्यात नाचा!"

माणसं खुसखुसली. गुणाबाईंसोबत आलेल्या साजिंद्यांनी माना खाली घातल्या. गुणाबाईंची मान मात्र ताठ.

"आम्ही पदरचे पैसे देऊन कुठं जात नाही, अण्णा. ज्याला आमची कला बघायची, तो सुपारी देऊन बोलावतो. आभाळानं धाडली तर जाऊ की!"

"अहो, तिथं हवाच नसते! तुमची ढोलकी ऐकणार कोण?"

"म्हणजे टाळीसुद्धा ऐकू येत नाही?"

"मुळीच नाही!"

"मग तिथं मिरवायला पाच कोटी कशाला घालवता, अण्णा? आमच्या फडात सोंगाड्याची जागा रिकामी आहे. टाळ्या पडतील, वर पगारही देऊ!"

सगळा पार खदखदून हसला. सर्जेरावांनी मुकाट्यानं दुप्पट सुपारी पुढं केली. ती न मोजताच पदरात घेऊन गुणाबाई उठल्या.