सांगून ठेवलेला बर्फ

कोकणातल्या एका बंदरावर एक बर्फवाला राहत असे. त्याचे नाव गुणाजी तोडणकर. धक्क्याला लागूनच त्याचा बर्फाचा कारखाना होता. माणूस मेहनती होता, हिशेबाला पक्का होता, आणि स्वतःविषयी त्याचे मत फार चांगले होते.

त्या बंदराची एक रीत होती. रोज संध्याकाळी होड्या परतल्या की गुणाजी धक्क्यावर उभा राही आणि उद्याचा बर्फ सांगे. अमक्याला दहा लाद्या, तमकीला सहा. एकदा सांगितला की तो बर्फ त्याचा झाला. त्याला कागद नव्हता, सही नव्हती. त्या भरवशावर माणसे डिझेल भरत, खलाशी बोलावत, जाळे होडीत चढवत. बर्फावाचून मासळी धक्क्याला येईतो मऊ पडते, आणि मऊ मासळीकडे गिऱ्हाईक बघतही नाही. म्हणून या रीतीत कोणी कधी खोट आणली नव्हती. गुणाजीच्या बापाने नाही, आणि तोवर गुणाजीनेही नाही.

एका सकाळी कारखान्यातल्या टीव्हीवर गुणाजीला बर्फावरची हॉकी दिसली. दूरच्या थंड देशात पायाला पाती बांधलेली माणसे बर्फावरून सुसाट पळत होती आणि काठ्यांनी रबराची काळी चकती समोरच्या जाळ्यात मारू बघत होती. जाळ्यापुढे अंगभर गाद्या बांधलेला एक गडी उभा होता. चकती अडवायची, एवढेच त्याचे काम. तो गोली.

"जन्म बर्फात गेला माझा," गुणाजी म्हणाला. "हा खेळ मला नाही कळायचा तर कोणाला?"

बर्फ न्यायला आलेली चांगुणा तिथेच उभी होती. नवऱ्याच्या मागे तिने त्याची छोटी होडी चालू ठेवली होती. ती म्हणाली, "मग शेट, त्या लादीवरून दोन पावलं चालून दाखवा की."

सगळे हसले. गुणाजी हसला नाही. त्याने खेळ शिकायचे मनावर घेतले.

आणि तो शिकला. हुशारी होती, नाही म्हणता येणार नाही. खेळ तिकडे रात्री होई तेव्हा इकडे सकाळ असे. बर्फ देता देता तो बघे. कोणता संघ किती चकत्या मारतो, समोरच्याला किती मारू देतो, कोणता गोली शंभरातल्या किती अडवतो, हे त्याला तोंडपाठ झाले. परदेशी नावे जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्याने गोलींना आपली नावे दिली. एक दाढीवाला, एक बुटक्या, एक लांबड्या. संघांना तो अंगातल्या सदऱ्याच्या रंगावरून निळे, तांबडे म्हणे.

धक्क्यावर पैजा लागू लागल्या. आधी चहावर, मग नारळावर, मग टोपलीभर मासळीवर. एकदा सगळे बुटक्याच्या बाजूने बोलले, कारण तो शंभरातल्या त्र्याण्णव अडवी आणि समोरचा दाढीवाला नव्वदच. गुणाजीने मान हलवली.

"बुटक्याच्या पुढे त्याचा संघ भिंतीसारखा उभा राहतो," तो म्हणाला. "त्याच्यापर्यंत पोचतात त्या दमलेल्या चकत्या. दाढीवाल्याचा संघ एरवी निव्वळ गळका असतो. तो एकटा वादळात उभा राहून नव्वद अडवतो. पण आज त्याच्या संघातली चांगली माणसं दुखण्यातून परत आली आहेत. दाढीवाला जिंकणार."

दाढीवाला जिंकला. तेव्हापासून लोक पैज लावण्याआधी गुणाजीला विचारू लागले. तोही ऐटीत सांगे. फक्त एक पथ्य पाळी. प्रत्येक संघाकडे दोन गोली असत. खेळात कोणता उभा राहणार हे आधी थोडाच वेळ कळे. ते कळल्याखेरीज गुणाजी पैज लावत नसे. "माणूस कोण ते कळल्याशिवाय त्याचा आकडा घेऊन काय करू?" असे तो म्हणे. बोलणे शहाणपणाचे होते.

त्या वर्षी बांगडा उशिरा आला, पण आला तो थव्यांनी. सगळे बंदर कामाला लागले. नेमका त्याच वेळी खाडीपलीकडचा दुसरा बर्फाचा कारखाना बंद पडला. मशीन बिघडले होते. आता बर्फ होता तो फक्त गुणाजीकडे, आणि तो त्याच्या नेहमीच्या छोट्या होड्यांपुरताच होता.

हिराजी नाखव्याचे पाच ट्रॉलर होते. तो बर्फ पलीकडून घेई. त्या संध्याकाळी तो आपल्या चार माणसांना घेऊन धक्क्यावर आला. गुणाजीचे बर्फ सांगून झाले होते. छोट्या होड्यांची माणसे जाळी आवरायला गेली होती.

"गुणाजीशेट, उद्याचा बर्फ मला दे," हिराजी म्हणाला.

"उशीर केलास नाखवा. सांगून झाला."

"भाव वाढवून देतो."

"सांगून झाला म्हणजे झाला."

इथवर गुणाजी बापाचा मुलगा शोभला.

हिराजीने ओळखले की हे दार पैशाने उघडायचे नाही. त्याने दुसरी किल्ली काढली. "बरं, ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी तुझ्या त्या निळ्यांचा आणि तांबड्यांचा खेळ आहे ना? कोण जिंकणार?"

"निळे," गुणाजी म्हणाला. "त्यांचा लांबड्या शंभरातल्या ब्याण्णव अडवतो. आणि तांबडे मुळात चकत्याच कमी मारतात."

"मग लाव पैज. निळे जिंकले तर माझे पाची ट्रॉलर जन्मभर तुझ्याकडून बर्फ घेतील. तांबडे जिंकले तर उद्याचा बर्फ माझा."

"तो बर्फ माझा नाही. सांगितलेला आहे."

"असू दे की. तू कुठे हरतोस?"

गुणाजी हिशेब करू लागला. पाच ट्रॉलर म्हणजे कारखाना दुप्पट. पण त्याला ट्रॉलरपेक्षा ते शेवटचे वाक्य गोड लागले.

"सकाळी गोलीचं नाव कळू दे," तो म्हणाला. "मग बोलू."

"नाव कळल्यावर तर माझं कुत्रंसुद्धा सांगेल," हिराजी म्हणाला, आणि आपल्या माणसांकडे वळला. "चला रे. शेट नारळावर खेळणारा माणूस आहे. मोठ्या पैजेला त्याचे आकडे पोचत नाहीत."

माणसे खो खो हसली.

गुणाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मनाशी भराभर जुळवले. निळ्यांचा खेळ आज सकाळीही झाला होता. लांबड्याने आज एकही चकती आत जाऊ दिली नव्हती. होडी चालवणाऱ्या ज्या तांडेलाला आज बांगड्याचा थवा सापडला, त्याला उद्या घरी कोण बसवतो? कोणताही नाखवा त्यालाच होडीवर पाठवील. उद्याही लांबड्याच उभा राहणार. हे त्याला इतके उघड वाटले की पुढे विचारायला काही उरले नाही.

"दे हात," तो म्हणाला. आणि हातावर हात पडला.

सकाळी छोट्या होड्यांची माणसे हातगाड्या घेऊन कारखान्याच्या दारात आली. दार बंद होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

चांगुणाने दार वाजवले. "शेट, बर्फ!"

"थांब जरा," गुणाजी आतून म्हणाला. "खेळ चाललाय."

"बांगडा तुमच्या खेळाची वाट बघत नाय बसायचा!"

"थांब म्हटलं ना!"

गुणाजी टीव्हीपुढे उभा होता. निळ्यांच्या जाळ्यापुढे लांबड्या नव्हता. लांबड्या बाकावर बसला होता. डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर निवांतपणा. जाळ्यापुढे दुसराच कोणी होता. गुणाजीने त्याला नावही दिलेले नव्हते.

लागोपाठ दोन दिवस खेळ आला की तिथे बहुधा पहिल्या गोलीला विसावा देतात. हंगाम लांब असतो, माणूस टिकवावा लागतो. गुणाजीने हे पूर्वी पाहिले नव्हते असे नाही. पाहिले होते. पण त्या खेळांवर त्याची पैज नव्हती, म्हणून मनात धरले नव्हते. आणि थव्यामागे लागलेला तांडेल विसावा घेत नाही, हे मात्र त्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याने थंड देशातला खेळ आपल्या धक्क्याच्या चालीने मोजला.

त्या वेळीही दार उघडता आले असते. बर्फ आत होता, ज्यांचा होता ती माणसे बाहेर होती. पण गुणाजीला वाटले, हा नवा गडीही अडवील कदाचित. आकडेवाल्या माणसाने कदाचितवर उभे राहावे, यापरते वाईट काही नाही.

नव्या गड्याने काही अडवल्या, काही सोडल्या. निळ्यांनी दोन गोल केले. तांबड्यांनी चार. खेळ संपला.

गुणाजीने दार उघडले तेव्हा उन्हे धक्क्यावर आली होती. दारात छोट्या होड्यांची माणसे होती. त्यांच्यामागून हिराजी आला. त्याच्यामागे त्याचे टेम्पो.

"चला शेट, बर्फ काढा," हिराजी म्हणाला.

चांगुणा मध्ये आली. "त्यांचा कसला बर्फ? तो आमचा. काल सांगितलाय आमाला."

"शेटने पैज लावली. शेट हरले," हिराजी म्हणाला. "हातावर हात दिलाय. माझी चार माणसं साक्षीला आहेत."

चांगुणा गुणाजीकडे वळली. "खरं काय ओ शेट?"

गुणाजीने मान खाली घातली. "शब्द दिलाय, चांगुणाबाय. मी शब्दाचा पक्का माणूस आहे."

"आमाला दिला तो कोणाचा शब्द होता? तो तर आधीचा."

 गुणाजीला दोन्ही बाजू दिसत होत्या. हिराजीला नाही म्हटले तर प्रत्येक बंदरावर, प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक म्हणतील, गुणाजी हरला आणि पळाला. या लोकांना नाही म्हटले तर ते चिडतील, बडबडतील, आणि संध्याकाळी पुन्हा बर्फ सांगून घ्यायला येतील. दुसरीकडे जाणार कुठे? "जे लावलं ते माझं नव्हतं, मी चुकलो," एवढे म्हणायचे होते. तेवढ्याने बर्फ वाचला असता. पण ते म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

त्याने लाद्या हिराजीच्या टेम्पोत चढवल्या.

छोट्या होड्या तशाच समुद्रात गेल्या. थवा समोर असताना कोण घरी बसेल? चांगुणाच्या होडीने जन्मात तेवढा बांगडा ओढला नव्हता. जाळे वर घेताना खलाशांचे हात थकले. पण ऊन चढले, खणात बर्फ नव्हता, आणि किनारा लांब होता. होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा बांगडा बोटाने दाबला की खड्डा पडत होता. व्यापाऱ्यांनी टोपल्यांकडे पाहिले आणि ते पुढे गेले. सगळा माल खताच्या गाडीत गेला. चांगुणाने स्वतः टोपल्या ओतल्या. खलाशांना त्या दिवशी वाटा मिळाला नाही.

संध्याकाळी गुणाजी धक्क्यावर उभा राहिला. त्याने घसा साफ केला.

"चांगुणाबाय, उद्या तुला आठ लाद्या," तो म्हणाला. सहा सांगायचा तिथे त्याने आठ सांगितल्या.

चांगुणा जाळे खांद्यावर घेऊन चालली होती. ती थांबली.

"जिंकलात तर ना, शेट?" तिने विचारले.

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती उत्तरासाठी थांबलीही नाही. तिच्यामागून बाकीचे गेले. गुणाजी एकेकाचे नाव घेऊन लाद्या सांगत राहिला, पण आता त्याच्या सांगण्यावर कोणी खलाशी बोलावीना. सकाळी दारात येत, बर्फ डोळ्यांनी बघत, हाताने मोजत आणि मगच डिझेल भरत. त्यात वेळ जाई. पुढे पलीकडचा कारखाना सुरू झाला तशी होड्या खाडी ओलांडून तिकडे जाऊ लागल्या. डिझेल जास्त जळे, तरी जात.

गुणाजी मग हिराजी नाखव्याकडे गेला. त्याने पहिल्यांदाच स्वतःहून कोणाचे दार वाजवले होते.

"नाखवा, मी तुझी पैज पाळली," तो म्हणाला. "सगळ्यांचा रोष घेतला. आता तुझे ट्रॉलर तरी माझ्याकडे आण."

हिराजीने त्याला बसायला पाट दिला, चहा दिला. मग म्हणाला, "गुणाजी, रागवू नकोस. दुसऱ्याला सांगितलेला बर्फ तू मला दिलास. मला सांगितलेला तू कोणाला देशील, हे मी कसं ओळखू? माझे पाच ट्रॉलर आहेत. मी नाही तुझ्या भरवशावर ते समुद्रात घालणार."

गुणाजी चहा अर्धा टाकून उठला. लांबड्याचा आकडा त्याने खोटा सांगितला नव्हता, हे तो पुढे पुष्कळ दिवस ज्याला त्याला पटवत राहिला. आणि आकडा खरोखरच खोटा नव्हता. लोक मान डोलवत आणि बर्फ आणायला पलीकडे जात.

तात्पर्य: आकडा घडून गेलेले सांगतो, उद्या कोण उभा राहील ते सांगत नाही, आणि ज्याने दुसऱ्याचा वाटा आपल्या पैजेवर लावला, तो जिंकला असता तरी विश्वास हरलेलाच होता.