सोमवारची दाढी

कारखानदार रणधीर इंगवले यांच्या भागीदाराचा सोमवारी सकाळी नऊ वाजता खून झाला. संशय इंगवल्यांवरच होता, पण त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. फौजदार सुलभा खरात मात्र थेट त्यांच्या बंगल्यावर गेल्या.

इंगवले हसले. "नऊ वाजता मी पेठेतल्या दामूच्या सलूनमध्ये दाढी करून घेत होतो. विचारा त्याला. तोवर मी मंत्रीसाहेबांना फोन लावतो, तुमच्या बदलीसाठी."

"दामू तुमच्यासाठी शपथसुद्धा घेईल," खरात म्हणाल्या. "पण साहेब, आपल्या गावात सोमवारी एकही सलून उघडत नाही. न्हाव्याला बंगल्यावर बोलावणाऱ्याला ते कुठून कळणार? आता लावा फोन. मंत्रीसाहेबांना म्हणावं, बदलीचं राहू द्या, तेवढा त्या सोमवारचा रविवार करून द्या."